पाठ केलेल्या खेळ्या संपल्यावर

प्रश्न : ताई, मी पुण्यात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बुद्धिबळ खेळतो, फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) रेटिंग १५२०. गेल्या दीड वर्षात काळ्या मोहऱ्यांनी पांढऱ्याच्या ई४ ला आधी सिसिलियनमधला नायडॉर्फ, मग फ्रेंच, आणि फ्रेंचमध्ये उंटाला काही कामच मिळत नाही म्हणून पुन्हा नायडॉर्फ असं करत आलोय. डी४ ला किंग्ज इंडियन. पांढऱ्यानं लंडन खेळतो, कारण सगळे ते सोपं म्हणतात. ओपनिंगचे (डावाच्या सुरुवातीच्या खेळ्यांचे) तीन कोर्स विकत घेतलेत, पण रेटिंग जागचं हलत नाही. मागच्या स्पर्धेत हरलेल्या तीन डावांच्या स्कोअरशीटचे (खेळ्या लिहिलेल्या कागदांचे) फोटो जोडतोय. नक्की कोणतं ओपनिंग शिकू?
— एक वाचक, पुणे

उत्तर : डाव पाठवलेस हे फार चांगलं केलंस. नुसता प्रश्न आला असता तर मला अंदाजानं बोलावं लागलं असतं. तिन्ही डाव मी लाकडी पटावर मांडून, संगणकाचं इंजिन न लावता पाहिले.

पहिला नायडॉर्फ. सहाव्या खेळीला उंट जी५ वर येणार म्हणून तू तयारी करून गेला होतास आणि समोरच्यानं एच३ खेळून कडेचं प्यादं एक घर पुढे केलं. तू स्कोअरशीटवर घड्याळाची वेळ लिहितोस, ही सवय सोडू नकोस. तिथे दिसतं की या एका खेळीला तुला २४ मिनिटं लागली. शेवटी ई५ खेळलास, आणि बरोबर खेळलास. पंधराव्या खेळीपर्यंत तुझं काहीही बिघडलेलं नव्हतं. बिघडलं ते पुढे, डी५ च्या घरात. नायडॉर्फमध्ये ई५ केलं की डी५ च्या घरावर पहारा द्यायला काळ्याकडे प्यादं उरत नाही. मग ते काम मोहऱ्यांनी करायचं असतं. तू अठराव्या खेळीला ई६ वरचा पांढऱ्या घरांचा उंट बी३ वरच्या घोड्यावर मारून दिलास. पाच खेळ्यांनी दुसरा घोडा डी५ वर येऊन बसला आणि तो डाव संपेपर्यंत तिथून उठला नाही.

दुसरा लंडन. ओपनिंगमधून तू व्यवस्थित बाहेर पडलास, आणि पुढे हत्ती-प्याद्यांच्या एंडगेममध्ये (डावाच्या शेवटच्या टप्प्यात) एक प्यादं कमी असताना हरलास. काळ्याचं एकटं प्यादं डी४ वर, त्याचा राजा शेजारी, तुझा राजा प्याद्याच्या वाटेत. ही फिलिडोरची बरोबरी आहे. हत्ती तिसऱ्या ओळीवर ठेवायचा, म्हणजे काळ्या राजाला पुढे सरकता येत नाही. प्यादं डी३ वर आलं की हत्ती थेट आठव्या ओळीवर न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. तू हत्ती पहिल्या ओळीवर राजाशेजारी नेऊन बसवलास. शिकायला २० मिनिटं पुरतात, आणि तेवढ्यावर अर्धा गुण वाचला असता.

तिसऱ्या डावात वजीर अडकला. पाचव्या फेरीतला, दिवसातला दुसरा डाव होता. त्यावर मी काही बोलत नाही.

म्हणजे तीनपैकी एकही डाव तू ओपनिंगमध्ये हरलेला नाहीस. तरीही ओपनिंगचा प्रश्न मी टाळणार नाही, कारण तो खरा आहे. फक्त तो कुठे आहे हे पाहू.

मी सोळा वर्षांची असताना एका उन्हाळी स्पर्धेत सिसिलियन ड्रॅगनची एक लाइन (ठरलेल्या खेळ्यांची साखळी) सतराव्या खेळीपर्यंत पाठ करून गेले होते. ती पटावर आलीसुद्धा. सतरा खेळ्या मी पाच मिनिटांत खेळले. अठराव्या खेळीला मान वर केली तेव्हा समोर कुणा दुसऱ्याचाच डाव मांडलाय असं वाटलं. कोणत्या बाजूनं चढायचं, कोणतं मोहरं ठेवायचं, काही कळेना. तिथून तेरा खेळ्यांत हरले. घरी आल्यावर सरांनी माझ्यासमोर पट मांडला आणि राजे सोडून सगळी मोहरी उचलून घेतली. राहिली फक्त प्यादी. म्हणाले, "आता सांग, कुठली फाइल (उभी ओळ) तुझी आहे, कुठलं प्यादं पुढे ढकललं की समोरच्याला दुखेल?" मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून आजपर्यंत, विद्यार्थ्याला कुठलंही ओपनिंग देताना मी आधी हेच करते. दहाव्या-बाराव्या खेळीची स्थिती घ्यायची, मोहरी काढायची, प्यादी ठेवायची. त्या प्याद्यांकडे पाहून ज्याला काहीतरी सांगता येतं, त्यानं ते ओपनिंग घ्यावं.

ओपनिंगच्या विश्वकोशात ए०० ते ई९९ असे ५०० कप्पे आहेत. प्याद्यांच्या रचना मात्र त्या मानानं मोजक्याच, आणि एकच रचना वेगवेगळ्या कप्प्यांतून पटावर येते. तुझ्यासाठी मी याच हिशेबानं निवड केली आहे.

काळ्यानं ई४ ला कॅरो-कान, म्हणजे सी६ आणि मग डी५. डी४-सी४ ला क्वीन्स गँबिट नाकारून ई६. ही जोडी का, ते ऐक. क्वीन्स गँबिटच्या एक्स्चेंज प्रकारात पांढरा सी-प्यादं डी५ वर मारतो, काळा ई-प्याद्यानं परत मारतो. आता काळ्याची प्यादी सी६ आणि डी५ वर, पांढऱ्याची डी४ आणि ई३ वर. या रचनेला कार्ल्सबाड म्हणतात. पांढऱ्याचा ठरलेला बेत म्हणजे बी-प्यादं बी४, बी५ असं चढवून सी६ वर धडकवायचं. मारामारी झाली की काळ्याकडे एक अशक्त प्यादं उरतं आणि पांढरा त्यावर हत्ती लावतो. वजिराच्या बाजूला स्वतःची प्यादी कमी असून हल्ला करायचा, म्हणून हा अल्पसंख्याकांचा हल्ला. आता कॅरो-कानचा एक्स्चेंज प्रकार मांड. पांढरा ई-प्यादं डी५ वर मारतो, तू सी-प्याद्यानं परत मारतोस. पांढऱ्याची प्यादी सी३-डी४, तुझी डी५-ई६. तीच रचना, फक्त पट फिरवलेला. इथे बी५-बी४ चा हल्ला तू करायचास. एका ओपनिंगमध्ये जे सोसायचं तेच दुसऱ्यात द्यायचं. माझे विद्यार्थी ही रचना दोन्ही बाजूंनी खेळतात आणि वर्षभरात त्यांना तिची नस सापडते. बचाव करताना घोडा डी६ वर का हवा, हे त्यांना सांगावं लागत नाही, कारण हल्ला करताना तोच घोडा आपल्याला किती नडला असता हे त्यांनी अनुभवलेलं असतं.

कॅरो-कानमध्ये आणखी एक सोय आहे. फ्रेंचमध्ये तुझा पांढऱ्या घरांचा उंट ई६ च्या प्याद्यामागे कोंडला जायचा. इथे पांढऱ्यानं ई५ पुढे केलं की तू उंट एफ५ वर काढतोस, मग ई६ खेळतोस आणि सवडीनं सी५ करून त्याच्या मध्याला धक्का देतोस. फ्रेंच सोडताना तू लिहिलं होतंस, "उंटाला काही कामच मिळत नाही". ती तक्रार इथे राहणार नाही.

पांढऱ्यानं ई४ आणि इटालियन. सी३, डी३ करून संथ खेळायचं. किल्लेकोट, हत्ती ई१, बी१ वरचा घोडा डी२-एफ१ वरून जी३ पर्यंत, आणि सगळं जागेवर आलं की डी४. लंडन वाईट नाही, पण २० वर्षांच्या मुलानं खुले डाव खेळावेत असं मला मनापासून वाटतं. मोहऱ्यांची गाठ लवकर पडते, डावपेचांना धार येते. सिसिलियन समोर आलं तर सध्या तिसऱ्या खेळीला उंट बी५ आणि किल्लेकोट, एवढं पुरे.

आणि मग थांबायचं. निदान ४० मोठे डाव, म्हणजे ९० मिनिटांचे, याच ओपनिंग्जनी खेळ. प्रत्येक डावानंतर वहीत एकच ओळ लिही : कितव्या खेळीला आठवण संपली आणि तिथे मी काय केलं. ४० ओळी झाल्या की तुझं स्वतःचं ओपनिंगचं पुस्तक तयार होईल. चौथा कोर्स घेऊ नकोस. लिचेस या संकेतस्थळावर ओपनिंग एक्स्प्लोरर आणि स्टडी दोन्ही फुकट आहेत. आठवड्याला सात तास देत असशील तर ओपनिंगला दीड तास. बाकी डावपेच, एंडगेम आणि आपलेच डाव.

एंडगेमला वेळ का द्यायचा, हे १२ डिसेंबर २०२४ ला सिंगापूरमध्ये साऱ्या जगानं पाहिलं. जगज्जेतेपदाच्या लढतीतला गुकेश आणि डिंग लिरेन यांचा चौदावा, शेवटचा डाव. ओपनिंगची तयारी कधीच मागे पडली होती. ५५ व्या खेळीला डिंगनं हत्ती एफ२ वर ठेवला, गुकेशनं हत्तींची अदलाबदल केली, मग उंटांची अदलाबदल करायला भाग पाडलं, आणि राजा-प्याद्यांचा जिंकलेला एंडगेम उरला. बाकी बरोबरीत चाललेला डाव तिथे फिरला.

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. शालेय स्पर्धांमध्ये मुलं घोडा जी५ वर आणतात आणि एफ७ वर मारून तिला दहा खेळ्यांत हरवतात. ती रडत पटावरून उठते. क्लासमधले म्हणतात तिला 'ट्रॅप' शिकवा, म्हणजे तीही तशीच जिंकेल. मला स्वतःला बुद्धिबळ जेमतेम येतं. काय करावं?
— एक आई, कराड

उत्तर : तिच्याजवळ बसा आणि पटावर हे मांडा. ई४ ई५, घोडा एफ३, घोडा सी६, उंट सी४, घोडा एफ६. आता पांढरा घोडा जी५ वर आला. एफ७ च्या घरावर उंट आणि घोडा दोघांचा डोळा आहे आणि राखायला एकटा राजा. हे तिला बोट ठेवून दाखवा. तिनं डी५ खेळायचं, उंटाची वाट अडते. पांढरा ई-प्याद्यानं मारेल. इथेच मुलं फसतात, घोड्यानं परत मारतात. मग पांढरा घोडा एफ७ वर झडप घालतो आणि राजा मैदानात ओढला जातो. तिनं सी६ वरचा घोडा ए५ वर नेऊन उंटावर लावायचा. एक प्यादं जाईल, जाऊ दे. पांढऱ्याला मोहरी पुन्हा पुन्हा हलवावी लागतात आणि तोवर तिची मोहरी झपाट्यानं बाहेर येतात.

हे तिला अवघड वाटलं तर आणखी साधं. तिसऱ्या खेळीला घोड्याऐवजी काळा उंट सी५ वर काढायचा. मग घोडा जी५ वर आलाच तर काळा वजीर त्याला फुकट खातो, कारण मधली वाट मोकळी असते. हे तिला स्वतःला शोधू द्या. शोधल्यावर तिचा चेहरा पाहा.

ट्रॅप शिकवू नका, असं मी पालकांना विनवून सांगते. समोरचा चुकेल या आशेवर खेळायची सवय नवव्या वर्षी लागली, की बाराव्या वर्षी ती काढताना मुलांना फार त्रास होतो. माझ्याकडे अशी मुलं येतात. हुशार असतात, पण समोरचा सापळ्यात पडला नाही की त्यांचे हात थांबतात.

प्रश्न : वय ६४, बँकेतून निवृत्त. लहानपणी कोकणात आजोबांकडून देशी नियमांनी बुद्धिबळ शिकलो : प्यादं एकच घर चालायचं, राजाला एकदा घोड्याची उडी. आता रोज संध्याकाळी मंडळात खेळतो. नवीन लाइन्स लक्षात राहत नाहीत. फक्त लंडन सिस्टिम खेळली तर चालेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काका, चालेल, आणि तुम्हाला ती शोभेलसुद्धा. देशी नियमांत प्यादी एकेक घर सरकत असल्यामुळे सैन्यांची गाठ उशिरा पडायची. आधी आपापली मांडणी नीट लावायची, मग भिडायचं. लंडनचा स्वभाव तोच आहे. डी४, उंट एफ४, ई३, घोडा एफ३, सी३. तुमच्या हाताला ते वळण लहानपणीच लागलेलं आहे. पंजाबातला मीर सुलतान खान त्याच देशी नियमांतून आला, ओपनिंगच्या पुस्तकांचा त्याला आधार नव्हता. तरी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदं त्यानं जिंकली आणि हेस्टिंग्जच्या स्पर्धेत माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. लंडनला कमी लेखणारे मंडळात भेटतील. त्यांना सांगा की २०२३ च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत डिंगनं सहावा डाव लंडन खेळूनच जिंकला.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. उंट सी१ वरून निघाला की बी२ चं प्यादं उघडं पडतं. काळा सी५ करून वजीर बी६ वर आणतो तो त्यासाठीच. सी३ खेळलेलं असेल तर तुमचा वजीर बी३ वर न्या, वजिरावर वजीर. काळ्यानं अदलाबदल केली तर तुम्ही ए-प्याद्यानं मारता आणि ए१ च्या हत्तीला फाइल मोकळी होते. दुसरं, काळा घोडा एच५ वर उडी घेऊन तुमच्या उंटावर येतो. वेळेत एच३ करून ठेवा, उंटाला एच२ चं घर मिळतं.

मंडळातला एखादा डाव लिहून पाठवा. खेळ्यांसोबत प्रत्येक पाचव्या खेळीला घड्याळात किती वाजले होते तेही लिहा. कुठे अडलात ते मला त्यावरून कळतं.