काचेपलीकडे : झाकण आधी, ईल नंतर

प्रश्न : ताई, नातवाच्या हट्टापायी महिन्यापूर्वी दुकानातून 'गोड्या पाण्यातली मोरे' म्हणून एक ईल आणली. हातभर लांब, रंग मातकट, अंगावर मोहरीएवढे पिवळे ठिपके. टाकी 3 फुटी, पाणी अंदाजे 120 लिटर. पहिल्या आठवड्यात टाकीतल्या चार एंजल माशांपैकी दोन गायब झाले. त्यानंतर ईलने काहीच खाल्लेले नाही. कोपऱ्यात पडून सारखा आ वासते आणि मिटते. चिडली आहे का? दुकानदार म्हणतो, होईल सवय.
— एक आजोबा, गोडोली, सातारा

उत्तर : काका, सवय होणार नाही. आणि ती चिडलेलीही नाही. मोरेच्या गालावर इतर माशांसारखी कल्ल्यांची झाकणं नसतात. डोक्यामागे दोन्ही बाजूंना एकेक गोल भोक असतं, बस्स. म्हणून तोंडानं पाणी ओढायचं आणि त्या भोकातून बाहेर सोडायचं, हा तिचा श्वास. माझ्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा सोफ्यावर बसता बसता विचारतो, "ही आपल्यावर का हो डाफरते?" चहा येईपर्यंत त्याला पटतं, की तिचं आपल्याकडे लक्षसुद्धा नाही.

तुमच्या वर्णनावरून ही खाडीच्या तोंडाशी राहणारी मोरे दिसते. शास्त्रीय नाव जिम्नोथोरॅक्स टाइल. नदी समुद्राला मिळते तिथल्या मचूळ पाण्यात ती सापडते, म्हणून व्यापारी तिला बिनदिक्कत 'गोड्या पाण्यातली' म्हणतात. पिंपात गोड्या पाण्यात ठेवली तर काही आठवडे तग धरते, कधी काही महिने. मग खाणं सोडते आणि झिजत जाते. तुमची त्या वाटेला लागली आहे, पण जात चिवट आहे. अजून वेळ गेलेली नाही.

आधी उरलेले दोन एंजल बाहेर काढा. एक तर ती त्यांना खाईल, नाहीतर मीठ त्यांना मारेल. पाणवनस्पती असतील तर त्याही काढा. मग दर रविवारी 24 लिटर पाणी काढायचं आणि तेवढंच नवं पाणी 600 ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवून हळूहळू घालायचं. पहिल्या रविवारी टाकीत लिटरला 5 ग्रॅम मीठ होईल. दुसऱ्या रविवारी 10 नाही होणार, 9 होईल, कारण काढलेल्या पाण्याबरोबर थोडं मीठही जातं (मी 31 वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय, हा हिशेब सोडवत नाही). चौथ्या रविवारी 15 च्या आसपास याल. हायड्रोमीटर (पाण्याची घनता, म्हणजे खारेपणा, मोजायचं साधन) 1.010 च्या जरा वर दाखवेल. तिथे महिनाभर थांबा. ईल खायला लागली आणि अंगानं भरली, की पुढे समुद्राच्या पाण्यापर्यंतही नेता येईल; वाढलेल्या ईलला ते मानवतं. घाई मात्र नको. ईल एकवेळ सोसेल, पण फिल्टरमधले, घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू सोसणार नाहीत. ते मेले की अमोनिया चढतो, मग ईल जाते.

मीठ घरातलं नको. त्यात जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड, वर आयोडीन आणि गोळे होऊ नयेत म्हणून घातलेली पूड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट असं पुष्कळ काही असतं. ॲक्वेरियमच्या दुकानात समुद्री मिठाची पिशवी मागा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते मारायचे थेंबही घ्या.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी पुढच्या पत्रात विचाराल म्हणून आत्ताच सांगते : कुंभार्ली घाट उतरून गुहागरचं पाणी आणू नका. हा उद्योग मी केलाय. गणपतीपुळ्याहून 20 लिटरचे सहा कॅन भरून निघाले आणि आंबा घाटात एकाचं बूच निघालं. जीपवाल्याच्या गादीला पुढे दोन पावसाळे वास येत होता. उरलेलं पाणी टाकीत घातलं, तर चार दिवसांत तेही वास मारू लागलं. किनाऱ्याच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. कॅनमध्ये ते मरतात आणि कुजतात. पावसाळ्यात तर तिथलं पाणी निम्मं नदीचंच असतं.

खाण्याचं म्हणाल तर ती लपायला जागा मागतेय. नळाच्या सामानाच्या दुकानातून 2 इंची पीव्हीसी पाइपचे फूट-फूटभर दोन तुकडे आणा, कडा कानशीनं घासा, टाकीत आडवे ठेवा. दिसायला भिकार दिसतं, तिला मात्र वाडा मिळाल्यासारखं होतं. संध्याकाळी दिवा मालवल्यावर सालासकट कोळंबीचा तुकडा लांब चिमट्यात धरून पाइपच्या तोंडाशी हलवा. तिला दिसतं यथातथाच, वास मात्र लांबून येतो. बोटांनी भरवू नका. कोळंबीचा वास आलेलं बोट तिच्या लेखी कोळंबीच. नातवालाही बजावा.

प्रश्न : मावशी, मी कॉलेजला आहे. शिकवण्या घेऊन पैसे साठवलेत आणि मला स्नोफ्लेक ईल ही समुद्रातली मोरे पाळायची आहे. तुमच्याकडे आहे असं कळलं. सगळ्यात आधी काय घेऊ?
— मिरजेची एक वाचक

उत्तर : झाकण घे, बाळा.

हसू नकोस. माझी पहिली स्नोफ्लेक एकोणीस दिवस जगली. फिल्टरची नळी जाते तिथे काचेच्या झाकणाला दोन बोटं जागा मोकळी होती. सकाळी टाकी रिकामी. पाइप पाहिले, दगड उचलले. ती तिसऱ्या दिवशी सापडली, शिलाई मशीनच्या पायट्याखाली, वाळून चामड्याच्या पट्ट्यासारखी झालेली. मी तिला आवळसुपारीच्या डबीत घालून कृष्णेकाठी पुरली आणि घरी येऊन ती फट मोजली. दोन बोटंच. माझं मनगटसुद्धा गेलं नसतं. ईलचं डोकं जिथून जातं तिथून अख्खी ईल जाते. शिवाय तिला अंगात जोर असतो, हलकं झाकण ती डोक्यानं उचलते.

म्हणून खिडक्यांना जाळ्या बसवणाऱ्याकडे जा आणि टाकीच्या मापाची प्लास्टिकची चौकट करून घे. जाळी नायलॉनची, लोखंडी नको, खाऱ्या वाफेनं सहा महिन्यांत गंजते. चारी बाजूंना चिमटे. नळ्यांच्या भोकात स्पंज कोंब. जाळीचा दुसरा फायदा एप्रिलमध्ये कळेल. आपल्याकडे पारा 40 ला टेकतो आणि टाकीला हवं असतं 24 ते 27. मी टेबलफॅन पाण्यावरून वारा जाईल असा लावते, दोन-तीन अंश उतरतात. पाणी मात्र भराभर उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. तेव्हा रोजची भर साध्या आरओच्या पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. नव्या लोकांची चूक हमखास इथे होते.

टाकी 250 लिटरच्या खाली नको, ईल दोन-अडीच फूट होते. पाणी थेट समुद्राचं, लिटरला 35 ग्रॅम. आणि टाकी लावल्यावर चार-सहा आठवडे ईल आणायची नाही, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याशिवाय. तांबं असलेली औषधं या घरात येऊ द्यायची नाहीत. मोरेला खवले नसतात, तांबं तिला सोसत नाही.

आता विजेचं. माझी दुसरी स्नोफ्लेक, चांदणी, 2013 सालापासून माझ्याकडे आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाखाली पाणी 57 फुटांच्या वर गेलं (धोक्याची पातळी 45), तेव्हा आम्ही गावभागात दुसऱ्या मजल्यावर अडकलो होतो. खाली जिन्याच्या सहाव्या पायरीवर कृष्णा, आणि मला टाकीत भर घालायला तांब्याभर चांगलं पाणी नाही. वीज नाही तर आरओ कुठून चालणार? इन्व्हर्टरला फक्त एअर पंप लावला. घरातला दिवासुद्धा नाही. यजमान मेणबत्तीत पेपर वाचत म्हणाले, "या घरात ऑक्सिजनवर एकटी तीच." कॅनिस्टर फिल्टरमधला स्पंज काढून टाकीतच हवेच्या बुडबुड्यांशी ठेवला. बंद डब्यात तो सडतो, आणि वीज आल्यावर तसाच सुरू केला तर ती सगळी घाण टाकीत येते. आठ दिवस चांदणीला काही घातलं नाही. मोठी मोरे त्यानं मरत नाही, उलट पाणी स्वच्छ राहतं. नवव्या दिवशी कोळंबी दाखवली, तर तिनं चिमटाच ओढला.

तिचं खाणं एकदा जवळून बघ. मोरेच्या घशात दुसरा जबडा असतो. पुढच्या जबड्यानं घास धरला की तो मागचा पुढे झेपावतो आणि घास आत ओढतो. कॅलिफोर्नियातल्या रीटा मेहता आणि पीटर वेनराइट यांनी 2007 मध्ये हे दाखवून दिलं. मी तोपर्यंत वर्गात पोरांना मासे पाणी आत शोषून भक्ष्य गिळतात एवढंच सांगत आले होते. स्नोफ्लेकचे दात बोथट, खेकड्यांची कवचं फोडायचे. तेव्हा सोबत खेकडे, झिंगे ठेवायचे नाहीत. ठेवलेस तर ते तिचं जेवण. आठवड्यातून दोन-तीनदा कोळंबी, खेकड्याचे पाय, माकूळ आलटून पालटून दे. राहिलेला तुकडा त्याच रात्री काढ.

प्रश्न : सुनेनं ईल आणली आहे. घरात साप नको असं माझं म्हणणं. हा साप की मासा?
— एक सासूबाई, तासगाव

उत्तर : मासाच, वहिनी. कल्ल्यांनी श्वास घेतो, पाठीवरून शेपटीपर्यंत सलग पर असतो. आमच्या नणंदबाईही पहिल्या वर्षी नागपंचमीला लाह्या-दूध घेऊन टाकीपुढे आल्या होत्या. दूध मी वेळेवर काढून घेतलं. लाह्या आम्ही दोघींनी खाल्ल्या. सूनबाईंना एवढंच विचारा, झाकणाला चिमटे लावलेत का?