पूर्ण समर्पण करायचं म्हणजे नोकरी सोडायची का?

प्रश्न : ताई, जय ख्रिस्त. मी पिंपरीत एका हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्स आहे. शिफ्ट ड्युटी, त्यामुळे महिन्यातला एखाद-दुसरा रविवार उपासना चुकतेच. परवा पाळकसाहेबांनी बायबलमधल्या प्रकटीकरण ३:१६ वर संदेश दिला, कोमट लोकांना प्रभू तोंडातून ओकून टाकणार, आणि मला वाटलं हे माझ्यासाठीच चाललंय. दरवर्षी कन्व्हेन्शनला समर्पणाचं आवाहन झालं की मी पुढे जाते, रडते, आणि थोड्या दिवसांत परत जैसे थे. उपास-प्रार्थनेतल्या एक बाई म्हणाल्या नोकरी सोड, पूर्ण वेळ सेवेत ये, मगच शांती मिळेल. मिस्टर रिक्षा चालवतात, फ्लॅटचा हप्ता आहे, सासूबाई अंथरुणावर. बाकी घरात ठीक आहे, फक्त जावेशी गावच्या जमिनीवरून बोलणं बंद आहे. मी अर्धवट ख्रिस्ती आहे का?

उत्तर : जय ख्रिस्त बाई. आधी राजीनामा लिहिला असशील तर तो फाडून टाक, मग पुढचं वाच.

ज्या १६ व्या वचनाने तुझी झोप उडवलीय ना त्याच्या लगेच खालचं १७ वं वाच. लावदिकीया शहरातली मंडळी, म्हणजे तिथलं चर्च, काय म्हणत होतं, तर मी श्रीमंत आहे, मला कशाची गरज नाही. म्हणजे ज्यांना प्रभू कोमट म्हणाला त्यांना स्वतःत काही कमी आहे असं वाटतच नव्हतं, आणि तू तर सगळं पत्रच काय कमी आहे यावर लिहिलंयस. आणि त्याच मंडळीला तो २० व्या वचनात म्हणतो, मी दाराशी उभा आहे आणि ठोकतोय. हे आपण बाहेरच्या लोकांना सुवार्ता सांगताना वापरतो, पण ते लिहिलंय कोमट विश्वासणाऱ्यांनाच. संदेश १६ वर थांबला की लोकं घाबरतात, पुढे येतात, रडतात, आणि दोन आठवड्यांनी तुझ्यासारखं होतं. (पाळकसाहेबांनी हे वाचलं तर वाचू दे.)

आता नोकरी. मार्क ७ मध्ये प्रभू कोणावर चिडलाय बघ. आईबापाला द्यायचं ते 'देवाला वाहिलंय' म्हणून सांगून हात झटकणाऱ्यांवर. घरी सासूबाई अंथरुणाला, हप्ता नवऱ्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकून तू सेवेला निघालीस तर ते याहून फार वेगळं होईल असं मला तरी वाटत नाही. काहींना पूर्ण वेळ सेवेचं पाचारण असतं, नाही असं नाही. पण ना. वा. टिळकांचंच घे, ज्यांची भजनं आपण अजून उपासनेत गातो. बाप्तिस्मा १८९५ ला, आणि मिशनचा पगार सोडून संन्यस्त वृत्तीने साताऱ्याला गेले ते १९१७ ला. मधली बावीस वर्षं पगारी माणूसच होते ना, संसार होता, शिकवणं, लिहिणं, ज्ञानोदय या ख्रिस्ती नियतकालिकाचं काम. त्या वर्षांना अर्धवट कोण म्हणेल? आणि त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, त्या माणसापायी काय काय सोसलं तेही जरा आठव, एकाच्या समर्पणाचं बिल बऱ्याचदा घरातलं दुसरं माणूस भरतं.

पंडिता रमाबाईंचं तर मला कायम नवल वाटतं. बाप्तिस्मा १८८३ ला इंग्लंडमध्ये. १८८९ ला मुंबईत शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवत होत्या, बाहेरून बघणाऱ्याला वाटेल याहून जास्त काय वाहून घ्यायचं. पण त्यांनी स्वतःच नंतर लिहून ठेवलंय की सुरुवातीची आठेक वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. नंतर मग १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, केडगावला त्यांच्यासाठी मुक्ती मिशन उभं राहिलं. शेवटची कितीतरी वर्षं हिब्रू-ग्रीक शिकून साध्या बायकांना समजेल अशा मराठीत बायबल करण्यात घालवली, १९२२ ला गेल्या, पूर्ण बायबल छापून आलं १९२४ ला, ते बघायला त्या नव्हत्याच. काम आधीही होतं, नंतरही होतं. त्यामुळे तुझी ड्युटी कुठली, वॉर्डात की चर्चमध्ये, यावरून काहीच ठरत नाही. पहाटे तीनला एखाद्या म्हातारीची ओली चादर तू न चिडता बदलतेस ते प्रभूला मोजता येतं, हजेरीपट लागत नाही.

पण तुला नुसतं गोंजारून सोडणार नाही हं. पत्रात एक वाक्य तू घाईघाईत उरकलंयस, "फक्त जावेशी बोलणं बंद आहे". मत्तय ५:२३-२४ काढ. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं तर अर्पण तिथेच वेदीपुढे ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. दरवर्षी तू पुढे जाऊन सगळं देतेस आणि हे एवढं मागे ठेवतेस, म्हणूनच बहुतेक परत जैसे थे होतं. जमिनीचा हिस्सा सोडून दे असं मी म्हणत नाहीये, सातबारावर नाव लावायचंय तर लाव, वकिलाला जे विचारायचं ते विचार. पण फोन कर. पुढच्या कन्व्हेन्शनपर्यंत थांबू नकोस, आणि तिने नीट बोललं नाही तर लगेच मला "बघा ताई" म्हणून पत्र लिहू नकोस, थोडे दिवस जाऊ दे, परत कर.

प्रश्न : दशांश (देवाला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा) ग्रॉस पगारावर द्यायचा की हातात येणाऱ्यावर? पीएफ कापून? — एक तरुण, हडपसर

उत्तर : हा प्रश्न दर दोन महिन्यांनी येतो आणि विचारणारा नेहमी आयटीतला असतो, का कोण जाणे. परुशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे यहूदी लोक, पुदिना, शेप, जिऱ्याचासुद्धा दशांश मोजून द्यायचे, प्रभूने त्यांना ते बंद करा म्हटलं नाही, फक्त न्याय, दया, विश्वास सोडला म्हणून झापलं (मत्तय २३:२३). तेव्हा तुला मनापासून जो आकडा आनंदाने देता येईल तो दे, मी ग्रॉसवर देते पण तो काही नियम नाही. आणि घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा पगार शेवटचा कधी वाढवलास ते पुढच्या पत्रात कळव, पीएफचं त्यानंतर बोलू.