‘हे संपणार कधी?’: जोसमध्ये राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाची केस

समुपदेशनाच्या पहिल्या सत्रात बाईंनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, हे संपणार कधी?"

माहेर मिरजेचं. नवरा नायजेरियातल्या जोस शहरात एका खाद्यपदार्थांच्या कारखान्यात देखभालीचं काम बघतो. मुलगी दहा वर्षांची, मुलगा सहा. तिकडे जाऊन चौदा महिने झालेले. सत्रं ऑनलाइन, आपल्या रात्री साडेआठला, म्हणजे तिकडच्या दुपारी चारला. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुस्लिम आणि ख्रिश्चन समाजांतलं वैर वर्षानुवर्षं मुरलेलं आहे अशा ठिकाणी नोकरीनिमित्त राहणारी बरीच कुटुंबं हाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून ही केस सविस्तर देत आहोत.

तक्रारी नेहमीच्या होत्या. पहाटे तीनला जाग, छातीत धडधड, लगेच हातात फोन. मुलं अंगणात गेली की पाच मिनिटांत हाक. पण खरं दुखणं घराकडे बघितल्यावर कळलं. चौदा महिन्यांत घर लावलेलंच नव्हतं. दोन सूटकेस अर्ध्या भरलेल्या, खिडक्यांना पडद्यांऐवजी चादरी, मुलीचा नृत्याचा क्लास "जरा शांत झालं की" सुरू होणार. हे "जरा शांत झालं की" त्या तासाभरात सहा वेळा ऐकलं.

त्याचं मूळ मिरजेत सापडलं. सप्टेंबर २००९ मधली तिथली संचारबंदी बाईंनी पाहिली होती. दंगल पेटते, संचारबंदी लागते, दुधाभाजीसाठी ती तासा-दोन तासांनी शिथिल होते आणि काही दिवसांनी शाळा उघडते. त्यांच्या मनात दंगलीचा हाच साचा होता, म्हणून जोसमध्येही त्या शाळा उघडण्याची वाट बघत होत्या. शाळा तर उघडीच होती. तरी वाट संपत नव्हती.

दुसरं सत्र आम्ही जोसच्या इतिहासावर घालवलं. समुपदेशनात इतिहास कशाला, असं वाटेल. पण ज्याचं कारण माहीत नाही त्या गोष्टीची भीती कुठेही जाऊन बसते. ७ सप्टेंबर २००१ ला, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी मशिदीजवळच्या रस्त्यावरून जाण्यावरून वाद झाला आणि आठवडाभरात सुमारे हजार माणसं मारली गेली. ठिणगी रस्त्याची, पण दारू आधीपासून साठलेली होती. नायजेरियात प्रत्येक स्थानिक शासन आपल्या मूळ रहिवाशांना ‘इंडिजीन’ असल्याचा दाखला देतं. सरकारी नोकरी, शिष्यवृत्ती, निवडणुकीतला शब्द, सगळं त्या कागदावर अडतं. बेरोम, अनागुता, अफिझेरे हे बहुतांश ख्रिश्चन समाज स्वतःला मूळचे मानतात. कथिलाच्या खाणींच्या काळापासून इथे वसलेले हौसा मुस्लिम म्हणतात, शहर आम्हीही उभं केलं. १९९१ मध्ये जोस नॉर्थ हे वेगळं स्थानिक शासन झालं आणि तिथे सत्ता कोणाची, हा प्रश्न धुमसत राहिला. नोव्हेंबर २००८ ची दंगल तिथल्याच निवडणुकीनंतरची. जानेवारी २०१० मध्ये पुन्हा, आणि तेव्हा चिथावणीचे एसएमएस घरोघर फिरले. खेड्यांतलं चित्र थोडं निराळं, तिथे शेतकरी आणि फुलानी गुराखी यांच्यात जमीन-चाऱ्यावरून रक्त सांडतं. २०२३ च्या नाताळच्या आदल्या रात्री बोकोस भागातल्या गावांवर झालेले हल्ले त्यातलेच.

हे ऐकून बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे संपणार नाही." आमच्या मते उपचार तिथून सुरू झाला. ‘दंगल संपेपर्यंत कसं तगायचं’ आणि ‘अशा गावात कसं राहायचं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याला उत्तरं आहेत.

सुरुवातीला आमच्याकडून एक चूक झाली, तीही सांगायला हवी. बातम्यांचा मारा कमी करा, असं आम्ही मोघम सांगितलं. बाईंनी सगळे व्हॉट्सॲप गट काढून टाकले. चौथ्या दिवशी बाजारपेठ अचानक बंद झाली आणि त्यांना पत्ताच नव्हता. भीती दुप्पट झाली, आमच्यावरचा विश्वास निम्मा. धोका खरा असतो तिथे माहिती तोडून चालत नाही, तिला वाट आखून द्यावी लागते.

मग असं ठरलं. सकाळी सात आणि संध्याकाळी सहा, प्रत्येकी पंधरा मिनिटं बातम्या. रात्री आठनंतर काही बघायचं नाही. फोन झोपायच्या खोलीबाहेर, पण नवरा, शाळा आणि कारखान्याचा सुरक्षा अधिकारी या तीन नंबरांची रिंग चालू. बाकी आवाज बंद. पहाटे जाग आली तर आधी श्वास: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडायचा श्वास लांब असला की धडधड उतरते. पाच मिनिटांत उतरली नाही तर पलंगावर लोळत राहायचं नाही. उठून कमी उजेडात एखादं हाताचं काम करायचं. त्या गवार मोडत बसत, पहाटे साडेतीनला.

अफवेसाठी एक वही घातली. दोन आठवडे प्रत्येक भीतीची एक ओळ: वेळ, काय कळलं, कोणाकडून, ठिकाण घरापासून किती किलोमीटर, पुढे काय झालं. सत्तावीस नोंदी झाल्या. चोवीस मोबाईलवरच्या, त्यातल्या बऱ्याचशा जुन्या किंवा दुसऱ्याच गावच्या फोटोंच्या. डोळ्यांनी पाहिलेल्या तीन. आणि ज्या एका दिवशी खरंच काही घडलं, त्याची चाहूल मोबाईलवर आलीच नव्हती. ती लागली होती स्वयंपाकीणबाईंना. कोपऱ्यावर रोज संध्याकाळी सुया, म्हणजे मसाला लावलेलं काडीवरचं मांस, भाजणारा हौसा माणूस त्या दिवशी आला नाही. ख्रिश्चन वस्तीतले मुस्लिम विक्रेते, किंवा मुस्लिम वस्तीतले ख्रिश्चन विक्रेते, काही न बोलता ठेला आवरू लागले की समजायचं. केके रिक्षा उलट्या फिरतात, अवेळी शटर अर्धी खाली येतात, शाळेतून लवकर न्यायला फोन येतो. यांतलं एक दिसलं तर लक्ष ठेवायचं. दोन दिसली तर बाहेरची कामं रद्द. निरोप कितीही भयंकर असो, तीन प्रश्न विचारायचे: तुम्ही स्वतः पाहिलं का, नेमकं कुठे, किती वाजता? शिवाय दोन्ही समाजांतल्या एकेका विश्वासू माणसाला विचारायचं. एकाच बाजूच्या दोघांना विचारणं म्हणजे एकालाच दोनदा विचारणं.

केसमधला सर्वांत नाजूक भाग इथेच होता. घरात स्वयंपाकीण बेरोम ख्रिश्चन, ड्रायव्हर हौसा मुस्लिम. बाईंचा दिवस स्वयंपाकघरात जायचा, त्यामुळे २००१ पासूनच्या सगळ्या कहाण्या त्यांनी एकाच तोंडून ऐकल्या होत्या. त्या खोट्या नव्हत्या, एका बाजूच्या होत्या. हळूहळू बाई ड्रायव्हरशी बोलेनाशा झाल्या. मुलांना त्याच्याबरोबर एकटं पाठवेनात. "त्याचा भरवसा काय?" आम्ही विचारलं, त्याच्या वागण्यात काय बदललं? पुष्कळ आठवूनही एकच गोष्ट निघाली: हल्ली तो रुकुबा रोडवरून जायला कां कूं करतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये त्याच रस्त्यावर प्रवासी गाड्या अडवून वीसहून अधिक मुस्लिम प्रवाशांना मारलं होतं. बाईंना हे माहीत नव्हतं. तो माणूस घाबरलेला होता आणि मालकिणीला तसं सांगायची त्याला लाज वाटत होती. भीतीला चेहरा सापडला की ती हलकी होते, म्हणून मन तो शोधतंच. इथे सापडलेला चेहरा घरातल्या सगळ्यांत जास्त धोक्यात असलेल्या माणसाचा होता.

यातून नवऱ्याने केलेल्या योजनेतलं भगदाडही दिसलं. ‘काही झालं तर ड्रायव्हर मुलांना शाळेतून आणेल’ एवढीच ती योजना. शाळा ख्रिश्चन बहुसंख्य भागात, ड्रायव्हरचं घर बाउची रोडकडे, मुस्लिम वस्तीत. दंगलीच्या दिवशी रस्त्यावर टोळकी गाड्या अडवून धर्म विचारतात. मुलांना सोडतीलही, त्याला सोडणार नाहीत. नवी योजना नेमकी उलटी झाली: जो जिथे आहे तो तिथेच थांबेल. मुलं शाळेत, नवरा कारखान्यात, बाई घरात, ड्रायव्हर जिथे असेल तिथल्या जवळच्या आपल्या माणसांत. रस्ता मोकळा झाल्याचं दोन बाजूंनी कळल्याशिवाय कोणी निघायचं नाही. शाळेला लेखी कळवलं की मुलांना कोण कोण नेऊ शकतं, आणि दप्तरात एक जादा डबा व पाण्याची बाटली कायमची. रस्त्यात सापडलोच तर काच अर्धी खाली, हात दिसतील असे, "सन्नू" म्हणून नमस्कार, वाद नाही, मोबाईलवर चित्रण तर अजिबात नाही.

‘वेळ आलीच तर विमानाने निघू’ हीसुद्धा अशीच समजूत. जोसचा विमानतळ शहरात नाही. तो दक्षिणेला हेइपांगला, म्हणजे बार्किन लाडी भागात आहे, आणि तो भाग स्वतःच अशांत. म्हणून निघायचं ते गडबडीच्या आधी किंवा नंतर, मध्ये नाही.

मधल्या काळासाठी घरात साठा. ऑगस्ट २०२१ मध्ये जोस नॉर्थमध्ये चोवीस तासांची संचारबंदी लागली होती, तेव्हा ‘दुकानात जाऊन येते’ हे गृहीत धरता येत नाही. माणशी रोज पंधरा लिटर पाणी धरलं तर चौघांचं पाच दिवसांचं तीनशे लिटर होतं. त्यातलं पिण्याचं साठ लिटर झाकून वेगळं. सात दिवसांचा तांदूळ-डाळ, दुसरा गॅस सिलिंडर, लहान नोटांत रोकड, गाडीची टाकी कधी निम्म्याखाली नाही. पासपोर्ट आणि निवास परवाने एका पिशवीत, त्यांचे फोटो मिरजेच्या घरी. अबुजातल्या भारतीय उच्चायुक्तालयात नावनोंदणी. एवढं झाल्यावर त्या दोन सूटकेस रिकाम्या करायला सांगितलं. पिशवी तयार असेल तर सूटकेस कशाला?

नवरा तिसऱ्या महिन्यात एकदाच सत्राला बसला. त्याचं पालुपद, "काही होत नाही हो." धीर द्यायला बोलायचा, पण त्यामुळे सगळी काळजी एकटीच्या अंगावर पडत होती. तो जितका हसण्यावारी नेई, तितक्या ह्या जास्त घाबरून दाखवत. दोघांना शांत दिवशी कागदावर लिहायला लावलं की काय झालं तर बाई-मुलं परत येतील. शाळा सलग दहा दिवस बंद राहिली तर. कारखान्याने इतर परदेशी कुटुंबं हलवली तर. आपल्या वस्तीत गोळीबार झाला तर. मुलांपैकी कोणाची झोप महिनाभर बिघडली तर. दोघांपैकी एकाने जरी म्हटलं ‘झालं’, तरी त्या दिवशी वाद नाही, तिकीट काढायचं. दर तीन महिन्यांनी कागद पुन्हा वाचायचा. शाळेच्या दहा दिवसांवर नवरा अजून अडतो, त्याला वीस हवेत.

मिरजेहून सासूबाईंचे दिवसातून चार फोन येत, "परत या." त्यांना रोज आपल्या रात्री साडेनऊला एक निरोप जायला लागला, तिकडच्या संध्याकाळी पाचला, ‘सगळे घरी’. फोन एकावर आले. भारतातल्या अशा नातेवाइकांना फारच अस्वस्थ वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे.

मुलांना ‘काही नाही झालंय’ सांगू नये. चौकीवरचे सैनिक त्यांनाही दिसतात. मुलीने विचारलं होतं, "आई, आपण त्यांच्यातले कोण?" बाईंनी उत्तर टाळलं होतं, मग ती मैत्रिणींना धर्म विचारू लागली. ठरलेलं उत्तर साधं होतं: आपण हिंदू, पाहुणे आहोत. इथे जमीन आणि हक्कांवरून जुनं भांडण आहे. शाळेत मोठी माणसं तुमची काळजी घेतात, आवाज ऐकू आले तर खिडकी नसलेल्या बोळात खाली बसायचं. धाकट्याला एवढं शेवटचं वाक्यच पुरलं. महिन्यातून एकदा सराव, दोन मिनिटं, खेळासारखा रंगवून नाही.

घटना प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसाला महिन्यानंतरही तीच दृश्यं दिसत राहिली, दारू वाढली, जगणं नकोसं वाटू लागलं, तर हे उपाय पुरत नाहीत. मानसोपचारतज्ज्ञ लागतो. बाईंच्या बाबतीत तशी वेळ आली नाही. पडदे लागले, जाग अजून आठवड्यातून एखाद्या रात्री येते.

शेवटच्या सत्रात त्या तो कागद घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, यात आम्हा चौघांचंच आहे, ह्या दोघांचं काय? आपण निघून गेल्यावर स्वयंपाकीण आणि ड्रायव्हर तिथेच राहणार, ही बोच आम्हाला काढता आली नाही. त्यांनीच खाली दोन ओळी वाढवल्या: निघताना दोघांनाही दोन महिन्यांचा पगार आगाऊ, आणि पाण्याच्या टाकीची किल्ली स्वयंपाकीणबाईंकडे. ड्रायव्हरने त्यावर एक सुचवलं, ती ओळ हौसात लिहा, म्हणजे दोघांनाही वाचता येईल.