जिंकलेल्या दाव्याविषयी एका नव्या वकिलास

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

निकाल अशिलाच्या बाजूने लागला, पण विरुद्ध पक्षकाराचा चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही, असे तू लिहिले आहेस. शिवाय पुढेमागे निवडणूक लढवण्याचा मनोदयही कळवला आहेस. मला या दोन्ही गोष्टी एकाच धाग्यातल्या वाटतात, म्हणून थॅडियस स्टीव्हन्स या एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन वकील-राजकारण्याविषयी लिहितो.

व्हरमाँटमधल्या गरीब घरात १७९२ साली जन्मलेला, पायाने अधू असलेला हा मुलगा आईच्या कष्टांवर शिकला आणि १८१६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग या लहानशा गावात वकिली करू लागला. १८२१ च्या एका दाव्यात तो गुलाममालकाच्या बाजूने उभा राहिला. समोर स्वातंत्र्य मागणारी चॅरिटी बटलर होती. मालकाने गुलामाला सलग सहा महिने राज्यात ठेवल्यास तो मुक्त होई, असा तिथला कायदा होता. चॅरिटीचे मुक्काम तुटक होते, आणि तुटक मुक्कामांची बेरीज करता येत नाही, हा स्टीव्हन्सचा मुद्दा न्यायालयाने मान्य केला. 'सलग' या एका शब्दावर ती आणि तिची मुले गुलामीतच राहिली.

वकील म्हणून त्याचे काही चुकले नव्हते, आणि मला तेच सर्वांत भयंकर वाटते. पुढे मात्र त्याने पळून आलेल्या गुलामांची वकीलपत्रे घेतली, आणि १८३८ मध्ये राज्याच्या नव्या घटनेने कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा तिच्यावर सही करण्यास नकार दिला.

विधिमंडळातील त्याचे एक काम तू नीट अभ्यासावेस. १८३४ चा मोफत शाळांचा कायदा करांच्या भीतीने लोकांना नकोसा झाला होता आणि राज्याच्या सिनेटने तो रद्द करण्याच्या बाजूने मतही दिले होते. पण ११ एप्रिल १८३५ रोजी स्टीव्हन्सने केलेल्या भाषणानंतर सभागृहाचे मत फिरले आणि कायदा टिकला. ज्याच्या आईने हालअपेष्टा सोसून त्याला शिकवले, त्याला हा विषय कागदावरून समजून घ्यावा लागला नव्हता.

अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय संसदेत, गेल्यावर त्याने यादवी युद्धाच्या काळात अर्थविषयक समितीचे अध्यक्षपद सांभाळले आणि गुलामी संपवणाऱ्या घटनादुरुस्तीसाठी झटला. १८६६ मध्ये कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा मसुदा त्याला अपुरा वाटत होता. तरीही, आपण देवदूतांत नव्हे तर माणसांत राहतो, असे सभागृहात सांगून त्याने तो स्वीकारला. तडजोड कोठे करावी, हे मी त्याच्याकडून शिकलो: कलमाच्या व्याप्तीत ती करता येते, माणसांच्या समानतेत नाही. १८६८ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्याच इच्छेनुसार लँकेस्टरमध्ये वर्णभेद न पाळणाऱ्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले.

निवडणुकीचे नंतर पाहू. आधी निकालपत्राची प्रत घेऊन ये. ज्या शब्दावर तुझा दावा फिरला, तो कलमात कोठे आहे ते आपण दोघे बसून वाचू.

तुझा शुभचिंतक