गिअरच्या सायकलचा बीबी गेलाय. नवा कुठला घ्यायचा आणि घरी बसवता येतो का?

तुम्ही लिहिलंय की सायकल गिअरची आहे, सहा-सात वर्षं वापरलेली. पायडलवर जोर दिला की खालून कटकट आवाज येतो, क्रँक (पायडलचा दांडा) आडवा हलतो, आणि दुकानदार ‘बीबी बदला’ म्हणाला. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, फ्रेमच्या तळाशी असलेला एक्सल आणि बेअरिंगचा संच, ज्यावर दोन्ही क्रँक फिरतात. घरी बसवता येतो, नक्की येतो. पण आधी जुना बीबी काढा, मोजा आणि मगच नवा विकत घ्या. सायकलच्या नावावरून ऑनलाइन मागवू नका. दिसायला अगदी सारख्या दोन सायकलींत एक्सलची लांबी वेगळी निघते.

त्याआधी दोष बीबीचाच आहे ना, ते पाहा. चेन चेनव्हीलवरून (क्रँकला जोडलेल्या दातेरी चकतीवरून) उतरवा आणि क्रँक फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. दोन्ही बाजूंचे क्रँक एकत्र हलत असतील तर बेअरिंग गेलंय. एकच हलत असेल तर त्या क्रँकचा बोल्ट सैल आहे, आणि तसाच चालवत राहिलात तर क्रँकचं चौकोनी भोक खाल्लं जाईल. काहीच हलत नाही पण आवाज येतो, तर पायडल, चेनव्हीलचे बोल्ट आणि सीटची दांडी तपासा. सीटवरून उठून पायडल मारल्यावर आवाज थांबला तर बीबीला हात लावायची गरजच नाही.

आता मापं. तुमच्या सायकलीला बहुतेक चौकोनी टोकांच्या एक्सलचा, सीलबंद कार्ट्रिजवाला (एक्सल आणि बेअरिंग एकाच बंद नळकांड्यात असलेला) बीबी असेल. तो ज्या आडव्या नळीत बसतो त्या शेलची रुंदी मोजा, ६८ किंवा ७३ मिलिमीटर भरेल. आटे बहुधा इंग्लिश, म्हणजे १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे. रुंदी ७० भरली तर जरा थांबा. ते इटालियन असू शकतं, त्याचा व्यास ३६ मिलिमीटर असतो आणि इंग्लिश बीबी त्यात चालत नाही. तिसरं माप एक्सलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीचं. ११०, ११३, ११८, १२२.५ अशा लांब्या मिळतात. बऱ्याचदा हे आकडे कार्ट्रिजच्या अंगावरच छापलेले असतात, पुसलं की दिसतात.

लोक चुकतात ते या लांबीत. ‘चार-पाच मिलिमीटरने काय होतंय’ असं दुकानात सर्रास ऐकायला मिळतं. होतं. एक्सल पाच मिलिमीटर लांब घेतला तर चेनव्हील साधारण अडीच मिलिमीटर बाहेर सरकतं. मग मोठ्या चेनव्हीलवर चेन चढायला कुरकुरते, कधी पुढचा डिरेलर, म्हणजे चेन एका चेनव्हीलवरून दुसऱ्यावर ढकलणारा भाग, तिथवर पोचतच नाही. आखूड घेतला तर चेनव्हीलचे दात फ्रेमच्या नळीला घासू शकतात. आत्तापर्यंत गिअर नीट पडत असतील तर जुनी लांबी जशीच्या तशी घ्या. जुन्यात सुटे छर्रे आणि वाट्या (शेलमध्ये दोन्ही बाजूंनी आट्यांवर बसणारे गोल भाग) असल्या तरी मापं जुळत असतील तर त्या जागी सीलबंद कार्ट्रिज बसवा, माझा कौल त्यालाच. आपल्याकडच्या पावसात सीटच्या नळीतून पाणी उतरतं ते थेट शेलमध्ये साचतं आणि सुट्या छर्‍यांचं ग्रीस धुऊन नेतं.

हत्यारं तीन लागतात: क्रँक पुलर (क्रँक एक्सलवरून ओढून काढणारा), वीस दातांचं बीबी टूल आणि लांब दांड्याचा पाना. क्रँकचा बोल्ट काढल्यावर आतला वायसर राहिला नाही ना, ते टॉर्च मारून बघा. तो राहिला आणि पुलर दाबला तर क्रँकचेच आटे सोलून निघतात. पुलर हाताने पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा, मगच मधला स्क्रू आवळा. हातोडी वापरू नका.

कार्ट्रिजलाही शेलमध्ये धरणारी वाटी असते. डावीकडची नेहमीसारखी, घड्याळाच्या उलट फिरवली की सुटते. उजवीकडे, चेनच्या बाजूला, इंग्लिश शेलमध्ये आटे उलटे असतात, म्हणजे ती घड्याळाच्या दिशेने फिरवून सोडवायची. पायडल मारताना बेअरिंगचा भार गोल फिरत राहतो आणि उजवी वाटी हळूहळू घड्याळाच्या उलट दिशेला सरकू पाहते. साधे आटे असते तर ती चालता चालता सुटली असती. टूल निसटू नये म्हणून क्रँकच्याच बोल्टने आणि मोठ्या वायसरने ते एक्सलला दाबून धरा.

कार्ट्रिज बाहेर आलं की त्याच्यामागून गंजाचं तांबूस पाणी ओघळेल. रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने आटे घासा, फडक्याने कोरडे करा आणि भरपूर ग्रीस लावा. आता कार्ट्रिज उजवीकडून घाला आणि हाताने, नुसत्या हाताने, घड्याळाच्या उलट फिरवा. अडखळलं तर आधी घड्याळाच्या दिशेने हळू फिरवा. आटा आट्यात पडताना बारीकशी ‘टक’ जाणवते, तिथून पुढे न्या. चार-पाच वेढे बोटांनी गेल्याशिवाय पाना लावू नका. बीबी पुन्हा मिळेल, पण फ्रेमचे आटे एकदा चुकीचे कापले गेले की सायकलच धोक्यात येते. उजवी बाजू कॉलरपर्यंत (कार्ट्रिजच्या बाहेरच्या कडेपर्यंत) घट्ट बसली की मग डावी वाटी. शिमानो कंपनीच्या कार्ट्रिजला आवळायला ५० ते ७० न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) लागतात. हा जोर मोजणारा टॉर्क पाना नसेल तर ३० सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकावर साधारण वीस किलोचा जोर द्या. वाटी प्लास्टिकची असेल तर हात आवरता घ्या.

क्रँक बसवताना एक्सलची चौकोनी टोकं कोरडी पुसा आणि बोल्ट ३५ ते ५० न्यूटन-मीटरवर आवळा. पहिल्या लांब फेरीनंतर बोल्ट सैल झालाय का, ते एकदा तपासा.

एक्सल उजव्या क्रँकलाच जोडलेला असेल आणि बेअरिंग शेलच्या बाहेर दिसत असतील तर वरचं लांबीचं गणित तुम्हाला लागू नाही. तिथे एक्सलची जाडी आणि शेलची रुंदी पाहून वाट्या घ्यायच्या. शेलला आटेच नसतील तर तो दाबून बसवायचा प्रकार आहे, ते काम प्रेस असलेल्या मेकॅनिककडे द्या. आणि फ्रेमचे आटे आधीच खराब निघाले तर जोर करू नका. बीबीचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) असलेल्या दुकानात ते साफ करून मिळतात.