इंग्लंडच्या खेड्यात गावातल्या बातम्या कळतात कशा, आणि बाहेरून आलेल्याला गाव आपलं म्हणतं का?

तुमचा प्रश्न वाचला. मिस्टरांना डॉर्चेस्टरच्या हॉस्पिटलमधे नोकरी लागलीये, भाड्याचं घर जवळच्या खेड्यात मिळतंय, आणि तुम्हाला भीती वाटतेय की तिथे कोणी बोलणार नाही, काय चाललंय काही कळणार नाही, दिवसभर भिंतींकडे बघत बसावं लागेल. मी पण त्याच जिल्ह्यात, डॉर्सेटमधे राहते, हे माझं नववं वर्ष, आणि पहिले चार-पाच महिने माझं अगदी तसंच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गावाचं नाव सांगत नाही कारण वस्ती एवढी कमी आहे की वाचणाऱ्याला मी कोण ते लगेच कळेल. नदीकाठी एकापाठोपाठ पाच गावं आहेत, पाच चर्च, त्या पाचांना मिळून एकच पाद्री, एक दुकान, दोन पब, असा आमचा सगळा संसार.

मी साताऱ्याकडची, कोरेगाव तालुक्यातली. आपल्याकडे बातमी शोधावी लागत नाही ना, पिठाच्या गिरणीत कळते, एसटीत कळते, ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर ओरडून सांगतात, आणि त्यातूनही राहिलीच तर शेजारीण भिंतीवरून वाकून सांगते. इथे आले तर रस्त्यावर चिटपाखरू नाही, कुत्रा फिरवणारे तेवढे दिसायचे, ते "मॉर्निंग" म्हणून पुढे जायचे आणि मला वाटायचं झालं, ही माणसं थंड आहेत, आपलं इथे काही खरं नाही. हे चुकीचं होतं. इथल्या खेड्यात बातमी बोलून फिरत नाही, लिहून फिरते. ती कुठे लिहिलेली असते ते मला कोणी सांगितलं नव्हतं एवढंच.

तर पहिली जागा म्हणजे नोटीस बोर्ड. बस स्टॉपजवळ किंवा हॉलच्या बाहेर काचेचं दार आणि कुलूप असलेला लाकडी बोर्ड असतो, मी कितीतरी दिवस त्याच्याकडे न बघता पुढे जात होते. पॅरिश कौन्सिलची मीटिंग असली की तिची नोटीस किमान तीन पूर्ण दिवस आधी लावावीच लागते, कायदाच आहे तसा, त्यामुळे गावात काय ठरणार आहे ते तुम्हाला ठरण्याआधी कळू शकतं. पॅरिश कौन्सिल म्हणजे साधारण आपली ग्रामपंचायत समजा, १८९४ च्या कायद्याने सुरू झाली, इंग्लंडमधे अशा १०,००० च्या आसपास आहेत. पण अधिकार फार कमी. बाकडी, मुलांची खेळायची जागा, कुठे कुठे दफनभूमी, असलं. कोणी घर वाढवायला परवानगी मागितली तर पॅरिश फक्त मत कळवते, निर्णय वर डॉर्सेट कौन्सिलचा. पैसा कौन्सिल टॅक्समधूनच (आपल्या घरपट्टीसारखा) येतो, बिलावर पॅरिशची वेगळी ओळ असते, बघा एकदा. मेंबर लोक बहुतेक फुकटच काम करतात, पगार असतो तो क्लार्कला. एकदा मीटिंगला जाऊन बसाच, सुरुवातीला गावकऱ्यांना बोलायला थोडा वेळ ठेवलेला असतो आणि त्या पंधरा मिनिटांत जेवढं गाव कळतं तेवढं वर्षभर खिडकीतून बघून कळत नाही. आमच्याकडे एक पूर्ण संध्याकाळ एका खड्ड्यावर आणि एका वाकलेल्या पाटीवर गेली होती, मला तर तिथे घरच्यासारखं वाटलं.

आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं म्हणून मुद्दाम लिहिते, भारतीय पासपोर्ट असला तरी तुम्हाला इथे मत देता येतं. भारत कॉमनवेल्थमधे आहे, त्यामुळे कायदेशीर व्हिसावर राहत असाल आणि वय १८ पूर्ण असेल तर नाव नोंदवा, पॅरिशपासून पार्लमेंटपर्यंत सगळ्या निवडणुकांना चालतं. मतदान केंद्रावर आता फोटोचं ओळखपत्र लागतं, २०२३ पासून, आणि त्यासाठी आपला भारतीय पासपोर्ट चालतो. शिवाय १ मार्च ते १ जूनच्या मधे वर्षातून एकदा पॅरिशची सभा होते, ती कौन्सिलची मीटिंग नव्हे, ती मतदारांची सभा, आपल्या ग्रामसभेसारखी. यादीत नाव असलेला कोणीही तिथे उठून बोलू शकतो. मी दुसऱ्या वर्षी उठून बोलले होते, शाळेच्या बसच्या थांब्यावर दिवा नाही म्हणून, पाय थरथरत होते पण सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि क्लार्कने लिहून घेतलं.

आता खरी गोष्ट, म्हणजे पॅरिश मॅगझिन. हे तुम्हाला माहीत नसेल तर बाकीचं उत्तर वाचलं नाही तरी चालेल पण हे वाचा. वहीच्या अर्ध्या पानाएवढं, मधे स्टेपल मारलेलं मासिक, गावातलेच लोक काढतात आणि गावातलेच लोक घरोघरी टाकतात. पद्धत जुनी आहे, १८५९ मधे डर्बीच्या जॉन अर्स्किन क्लार्क नावाच्या पाद्र्याने ती सुरू केली, आतला मजकूर सगळीकडे एकच आणि बाहेरची पानं ज्या त्या गावाची. आमच्या मासिकात सुरुवातीला पाद्रीबाईंचं पत्र असतं, मग कोणत्या रविवारी कोणत्या चर्चमधे प्रार्थना त्याचा तक्ता, कारण एका बाईला पाच ठिकाणी एकाच वेळी जाता येत नाही, मग पॅरिशच्या मीटिंगचा सारांश, कचऱ्याचा काळा डबा कोणत्या आठवड्यात आणि रिसायकलिंगचा कोणत्या, गेल्या महिन्यात किती मिलिमीटर पाऊस पडला (एक आजोबा स्वतः मोजतात), धुराडी साफ करणारा, जळाऊ लाकडं पोचवणारा, सेप्टिक टँक उपसणारा यांच्या जाहिराती. खेड्यात बऱ्याच घरांना गॅसची लाइन नसते, हीटिंग तेलावर चालतं, आणि एका घरासाठी टँकर सहसा ५०० लिटरच्या खाली येत नाही. म्हणून गावं मिळून तेल मागवतात, भाव जरा कमी पडतो, आणि त्या ऑर्डरची शेवटची तारीख कुठे छापतात तर ह्याच मासिकात. पहिल्या हिवाळ्यात आम्हाला हे कळलं नाही आणि आम्ही एकट्याने महाग तेल घेतलं. घरात अंक येत होता, मी तो चर्चचा समजून न वाचता रद्दीत टाकत होते.

मला गावात ओढलं ते ह्याच अंकाने. आमच्या शेजारी एक आजी राहायच्या, मी मनात आजीच म्हणायचे पण इथे तोंडावर पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत, ऐंशीच्या पुढच्या बाईला असं नावाने बोलवायला माझी जीभच वळायची नाही. त्यांचा गुडघा दुखायला लागला आणि त्यांनी विचारलं की माझी ३१ घरं तू वाटशील का. मी हो म्हटलं. त्यांनी मला अंकांच्या गठ्ठ्याबरोबर एक कागद दिला, हाताने लिहिलेला. कोणत्या फाटकामागे कुत्रा आहे, कोणाची पत्रपेटी खाली जमिनीलगत आहे, कोणत्या घरी अंक नुसता टाकायचा आणि कोणत्या घरी बेल वाजवून दार उघडेपर्यंत थांबायचं, कारण त्या घरातल्या माणसाशी महिनाभरात दुसरं कोणी बोललेलं नसतं. एका नावापुढे लिहिलं होतं, ऐकू कमी येतं, खिडकीवर टकटक कर. मासिकात जे छापत नाहीत ते सगळं गाव त्या एका कागदावर होतं. तो कागद मी अजून जपून ठेवलाय, त्यात माझ्या अक्षरातल्या दुरुस्त्या आहेत आणि काही घरांवर रेघ मारलेली आहे.

दोन-तीन महिन्यात फरक पडला. दारात उभी राहून दोन मिनिटं बोलणं सुरू झालं, मग कोणी बागेतल्या जास्तीच्या शेंगा दिल्या, मग कोणी विचारलं हॉलच्या चहाला मदत करशील का. इथली माणसं आपणहून घरात येत नाहीत, न सांगता तर अजिबात नाही, आणि तुम्ही पण तसं जाऊ नका, त्यांना अवघडल्यासारखं होतं. पण तुमच्या हातात गावाचं एखादं काम असलं की त्यांना बोलायला निमित्त मिळतं. हा त्यांचा लाजरेपणा आहे, तो तुटकपणा नाही, मला हे कळायला फार वेळ लागला म्हणून पोटतिडकीने सांगतेय.

फेब्रुवारी २०२२ चं युनिस वादळ आलं, १८ तारीख, शुक्रवार. त्या दिवशी वाइट बेटाच्या टोकाला ताशी १२२ मैलांचा वारा नोंदला गेला. आमची वीज गेली. तेलाचा बॉयलर पण विजेशिवाय चालत नाही, नवीन पद्धतीचे इंटरनेटवरचे लँडलाइन फोन पण वीज गेली की बंद, मोबाइलला तर आमच्या दरीत एरवीच रेंज नाही. मग कोणी कोणाला बघायचं हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं, पण अंक वाटणाऱ्यांना घरं माहीत होती, तर आम्हीच आपापल्या घरांवर फिरलो, मी तो कागद खिशात घालून निघाले. कोणीतरी हॉल उघडून सिलिंडरच्या शेगडीवर पाणी ठेवलं होतं. ज्यांच्या घरी चूल होती त्यांनी शेजारच्यांना बोलवून घेतलं. दुसऱ्या दिवशी एक आजोबा मला म्हणाले, तू येशील असं वाटलंच होतं. नऊ वर्षांत मला कोणी यापेक्षा मोठं काही म्हटलेलं नाही.

बाकी भरपूर असतं, तुम्हाला जे आवडेल ते धरा. डब्ल्यूआय (विमेन्स इन्स्टिट्यूट) म्हणजे बायकांचं मंडळ, ब्रिटनमधलं पहिलं १९१५ मधे वेल्समधे निघालं, महिन्यातून एकदा जमतात, जेवणापासून कायद्यापर्यंत कशावरही बोलतात. उन्हाळ्याच्या शेवटी भाज्यांचा शो असतो आणि त्याचे नियम फार कडक, तीन कांदे म्हणजे एकाच मापाचे तीन, टोमॅटो देठासकट. मी हिरव्या टोमॅटोची चटणी ठेवली होती तर बरणीच्या झाकणावर कंपनीचं नाव होतं म्हणून कार्डावर एनएएस लिहिलं, म्हणजे नियमाला धरून नाही. वाईट वाटलं, पण परीक्षकबाईंनी नंतर थांबून समजावलं आणि कोरी झाकणं कुठे मिळतात ते सांगितलं, पुढच्या वर्षी दुसरा नंबर आला. जमीन हवी असेल तर अलॉटमेंट मागा, म्हणजे भाजीपाला लावायला भाड्याने मिळणारा तुकडा, पूर्ण तुकडा १० रॉडचा, म्हणजे साधारण २५० चौरस मीटर, आपले अडीच गुंठे, अर्धा पण मिळतो. मेथी मस्त येते, वांग्याला मात्र काचघर लागतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी ११ वाजता युद्धस्मारकाशी सगळे उभे राहतात, तिथे नक्की जा. दगडावरची नावं मोठ्याने वाचतात आणि त्यातली दोन आडनावं मी दर महिन्याला पत्रपेटीत अंक टाकताना बघते, त्यामुळे मला ते ऐकवत नाही. आमच्या साताऱ्याकडे अपशिंगे मिलिटरी गावात पण पहिल्या महायुद्धाचा स्तंभ आहे. मी हे एकदा बोलले तर पुढच्या वर्षी त्यांनी मलाच चार ओळी वाचायला दिल्या. आणि जुलैमधे टॉलपडलला जा, डॉर्चेस्टरपासून जवळच आहे. तिथल्या सहा शेतमजुरांनी मजुरी कापतात म्हणून संघटना बांधली आणि १८३४ मधे त्यांना सात वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियाला पाठवलं, लोक एवढे खवळले की १८३६ मधे माफी द्यावी लागली. आता दरवर्षी तिथे मिरवणूक निघते. शेतमजुराच्या घरातून आलेल्या माणसाला हे गाव आपलं वाटतं.

अडचणी पण सांगते, नाहीतर तुम्ही मला बोल लावाल. गाडीशिवाय राहू नका. बसचं तिकीट आता जास्तीत जास्त ३ पाउंड ठरवलंय (आधी २ होतं), पण बसच दिवसातून मोजक्या, आणि रविवारी बऱ्याच ठिकाणी नाहीच. नवऱ्याची शिफ्ट असेल तर तुम्हाला स्वतःला गाडी चालवता आलीच पाहिजे. हिवाळ्यात चारच्या पुढे अंधार, रस्त्यावर दिवे नाहीत, टॉर्च हवाच. तरुण मंडळी कमी, कारण घरं महाग आणि कितीतरी घरं फक्त सुट्टीपुरती उघडतात, त्यामुळे मुलांना वर्गात मित्र थोडेच मिळतील. शाळेची पटसंख्या आधी विचारा. आणि "मूळच्या कुठल्या" हे तुम्हाला शंभर वेळा विचारतील. मी आधी दुखावायचे, आता कोरेगाव सांगते आणि तुमचं मूळ गाव कोणतं ते विचारते, बऱ्याचदा ते पण दुसऱ्याच जिल्ह्यातून आलेले निघतात.

पब-दुकान चालू आहे का तेही बघून घर घ्या. उत्तर इंग्लंडात कंब्रियात हेस्केट न्यूमार्केट गावाने २००३ मधे आपला पब बंद पडू नये म्हणून वर्गणी काढून विकतच घेतला, आणि २०११ च्या कायद्याने गावाला अशी जागा नोंदवून ठेवता येते, मग मालकाने विकायला काढली तर पैसे जमवायला सहा महिने मिळू शकतात. आमचं दुकान पण आता गावच चालवतं, मी गुरुवारी सकाळी गल्ल्यावर असते.

आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या मुलाने मासिकात सगळ्यांचे आभार मानणारं छोटंसं निवेदन दिलं होतं आणि तो अंक मीच ३१ घरी टाकला, त्यांच्या घरी सुद्धा, रिकाम्या.

सध्या आमच्या अंकात वरच्या गल्लीतल्या ११ घरांसाठी वाटणारा हवाय असं जूनपासून छापून येतंय. तुम्ही ज्या गावात याल तिथे पण मागच्या पानावर अशी एखादी ओळ असणारच. पहिला अंक दारात पडला की ती शोधा आणि खाली दिलेल्या नंबरवर त्याच दिवशी फोन करा.