अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्सच्या कवितेत नुसती हातगाडी आणि प्लमची फळंच आहेत, की ग्रीक-लॅटिन साहित्याशीही त्याचं काही नातं होतं?

बरीच वर्षं माझाही समज होता की नुसती हातगाडीच. कॉलेजात ती लाल हातगाडीची कविता होती (१९२३ ची, इंग्रजीत मोजून १६ शब्द) आणि सर म्हणाले टी. एस. एलियट (त्याच काळातला दुसरा मोठा कवी) म्हणजे पुराणं, विल्यम्स म्हणजे वस्तू. परीक्षेपुरतं तेवढं पुरलं.

पण त्याच्या १९२० च्या पुस्तकाचं नावच बघा ना, 'कोरा इन हेल'. कोरा म्हणजे पर्सेफनी, पाताळात पळवून नेलेली ग्रीक पुराणातली देवी, जी वर आली की वसंत येतो. मग त्याच्याच 'स्प्रिंग अँड ऑल' या पुस्तकातली पहिली कविता वाचा. साथीच्या रोगांच्या हॉस्पिटलकडे जाणारा रस्ता, गार वारा, चिखल, वाळकं तण आणि त्यातून हळूच वर येणारा हिरवा पाला. देवीचं नाव कुठेच नाही, पण मला तरी ती तिथेच दिसते. आणि हा माणूस न्यू जर्सीतल्या रदरफर्डचा डॉक्टर, बाळंतपणं करायचा, त्यामुळे उघडंवाघडं, गारठलेलं काहीतरी जगात येताना त्याने कितीदा तरी बघितलेलं.

एलियटवर तो चिडला होता हे खरंय, एलियटची 'द वेस्ट लँड' ही कविता आली तेव्हा आपल्या जगावर अणुबॉम्ब पडल्यासारखं झालं असं आत्मचरित्रात लिहिलंय त्याने. पण राग जुन्या ग्रंथांवर नव्हता, कविता परत वर्गात नेऊन बसवली यावर होता. स्वतः उतारवयात थिऑक्रिटस आणि सॅफो या प्राचीन ग्रीक कवींच्या कविता साध्या अमेरिकन बोलीत आणल्याच की.

माझी सगळ्यात आवडती मात्र ब्रूगेल या जुन्या चित्रकाराच्या चित्रावरची इकारसची कविता. इकारस म्हणजे मेणाने जोडलेले पंख लावून उडालेला आणि उन्हाने मेण वितळून समुद्रात पडलेला मुलगा. गोष्ट ओव्हिड या रोमन कवीने सांगितलेली, पण ओव्हिडचा नांगऱ्या वर बघून थक्क होतो, त्याला वाटतं हे उडणारे देवच. ब्रूगेलचा नांगऱ्या मान खाली घालून नांगर धरतो, आणि विल्यम्स त्याच्याच बाजूने उभा राहतो, म्हणजे आधी शेत, मग समुद्राकाठचा वसंत, आणि पार शेवटी कोणाच्याही लक्षात न आलेलं एक 'छपाक', बुडणारा इकारस. अख्ख्या कवितेत विरामचिन्ह नाही. आणि ज्या उन्हात सगळा शिवार घामाघूम झालाय त्याच उन्हाने तिकडे पंखांचं मेण वितळतंय.